काहीच निघालं नाही

भूल पुरती उतरलीही नव्हती, तरी तिनं आईचा हात चाचपला. घसा कोरडा पडला होता.

“काय निघालं?”

आईनं आधी पांघरूण सारखं केलं, मग सलाइनच्या नळीकडे उगाचच बघितलं. “काही नाही गं. सगळं स्वच्छ आहे आत. निर्धास्त पड आता.”

“काहीच नाही?”

“इतकुसंसुद्धा नाही.”

तिनं आईचा हात सोडला. ऑफिसात तिला नाजूकबाई म्हणत. गमतीनंच म्हणत, म्हणजे हसण्याची जबाबदारी तिची. दर महिन्याला पाळीची तारीख जवळ आली की जीव टांगणीला लागायचा. या वेळी दुखणं कुठे गाठणार? जिन्यात, मीटिंगमध्ये, की घरी पाहुणे आले असताना? सोनोग्राफी दोनदा नॉर्मल आली. शेवटी पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरलं, आणि तेव्हापासून तिला एकच धास्ती होती, की काहीच निघणार नाही.

म्हणजे नवरा म्हणत होता तेच खरं. तो बिचारा कधी ओरडला नाही. “मनाचे खेळ असतात गं,” एवढंच म्हणायचा, तेही डोक्यावरून हात फिरवत. पुढच्या महिन्यात दुखणार तर होतंच. आता दुखतंय म्हणायचीही चोरी झाली. उशाशी ठेवलेलं नाडीचं यंत्र भराभर टिकटिकायला लागलं.

“अगं, चांगली बातमी आहे ना ही?” आई घाबरून म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. आईनं त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले, मान हलवली. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

“एंडोमेट्रिओसिस आहे, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढलाय. चांगलंच पसरलेलं. आतडं गर्भाशयाला मागून चिकटलं होतं, सोडवताना नाकी नऊ आले आमच्या. परतही होऊ शकतं, तेव्हा औषध बंद करायचं नाही. पण काय हो, एवढं घेऊन तुम्ही रोज कामावर जात होतात?”

तिला हसू फुटलं, टाके ओढले गेले, आणि हसता हसताच ती हमसून रडायला लागली.

“मी सांगणारच नव्हते आज,” आई रडवेली झाली. “शुद्धीवर येत नाही तोच पोरीला धक्का कशाला? जावयांनाही बोलले नाहीये अजून. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू हळूहळू.”

तिनं आईचा हात घट्ट धरून ठेवला.

“डॉक्टर, परत सांगा ना.”

“काय सांगू?”

“सगळं. पहिल्यापासून. आणि दार जरा उघडं ठेवा, हे बाहेरच बसलेत.”