चार गाठींची दोरी

सरूबाईने चार गाठींची दोरी अंगणात आडव्या ठेवलेल्या डोलकाठीला लावली.

लग्नात ती होडीतूनच या घरी आली होती, माहेरच्या खाडीतून समुद्रात आणि समुद्रातून या खाडीत. आता अडुसष्टाव्या वर्षी तिला त्याच वाटेने, नवऱ्यामागे राहिलेल्या होडीतून माहेरी जायचं होतं. पण मधल्या काळात त्या वाटेवर चार पूल झाले होते. एसटीने हिंडून, ऐन ओहोटीला, तिने प्रत्येक पुलाखालची उंची मोजून आणली होती. एका पुलाची एक गाठ.

तीन गाठी काठीच्या टोकाबाहेर गेल्या. चौथी हातभर आतच राहिली.

“झालं! आता मुकाट्याने गाडीने जा, आये,” तिचा मुलगा विलास हसला. “तीन तासांत मामाकडे पोचशील.”

“गाडीने पन्नास वर्षं जातेय. त्या पुलापाशी काठी उतरवायला चार गडी लागतील. कोण येतंय?”

जमलेले भाऊबंद दुसरीकडे बघू लागले.

“मग करवत दे.”

“अगं, बाबांची काठी आहे ती! दर नारळी पुनवेला पुजतो आपण तिला.”

“नुसती पुजायचीच असती तर त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली असती.”

तिने काठीला हात जोडले, मग तिच्यावरच पाय रोवला आणि करवत चालवायला लागली.

“आखूड काठीला शीड लहान लागेल, आये.”

“लागू दे. एक दिवस उशिरा पोचेन.”