बोल्टवरची लाल रिंग

दाराचा बोल्ट चार दिवस कुणी लावला नव्हता. लावणार कसा? त्याच्या मुठीवर आजोबांची लाल रिंग अडकवलेली होती, आणि ती काढायची घरात कुणाची टाप नव्हती.

रिंग म्हणजे बांगडीएवढी, लोखंडी, रंगाचे पोपडे उडालेली. आजोबांनी सदतीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढले. रुळावर गाडी उभी असली किंवा माणसं कामाला उतरली असली, की त्या लिव्हरच्या मुठीवर अशी रिंग चढवायची. घाईत, पेंगेत हात गेलाच, तर रिंग हाताला लागावी आणि माणूस भानावर यावा. आजोबा रिटायर झाले, पण केबिन काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. घरातलं कुणी बाहेर असलं की रिंग बोल्टवर. शेवटचा माणूस आत आला की ती काढायची आणि मग बोल्ट. ज्यानं लावली त्यानंच काढायची, हा कायदा. लहानपणी एकदा नातीनं ती काढून हौसेनं मनगटात घातली, तर एरवी तिला लाडानं ‘इंजिन’ म्हणणारे आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

हॉस्पिटलात जायला निघाले तेव्हा त्यांना धड उभं राहवत नव्हतं. तरी एक हात मुलाच्या खांद्यावर ठेवून दुसऱ्या हातानं रिंग अडकवली आणि मगच उंबरा ओलांडला. या वेळी बाहेर जाणारे ते स्वतःच होते.

“आज बोल्ट लागला पाहिजे,” आत्या म्हणाली. “वारा आला की दार सताड उघडतं. चार दिवस दाराला स्टूल लावून बसलोय आपण. तुझे बाबा गेलेत हॉस्पिटलातून दाखला आणायला, ते यायच्या आत काढून टाक. त्याला नाही बघवायचं.”

“तू काढ ना मग.”

“मी कशाला? लाडकी तू.”

“राहू दे अजून थोडे दिवस.”

“अगं, ते काय परत येणारेत का आता?”

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकवेना. डोळे पुसत ती त्याच स्टुलावर बसली.

नातीच्या लेखी रिंग होती तोवर आजोबा बाहेर होते. कुठे का असेनात, पण बाहेर. ती काढली की नव्हतेच. हिशेब अगदी सोपा होता, आणि तिला तो करायचा नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी दार ढकललं आणि स्टूल आत्यासकट पुढे सरकलं. काठी टेकत कंदीलकाका आत आले. हे आजोबांच्या केबिनमधले, पुढच्या पाळीचे. नोकरीच्या सुरुवातीला सिग्नलचे कंदील पुसायचे, म्हणून जे नाव पडलं ते जन्माला चिकटलं. त्यांनी पाणी घेतलं, आणि अर्धा पेला पिऊन झाल्यावर त्यांची नजर बोल्टवर गेली.

“कुणी लावली?”

“त्यांनीच. जाताना,” नात म्हणाली.

“मग ती दुसऱ्यानं काढायची नाही.”

आत्यानं कपाळावर हात मारला. “घ्या. मला वाटलं, तुम्ही तरी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाल.”

“आणि पाळी संपली तर?” नातीनं विचारलं. “माणूस काय रिंगेसाठी केबिनमध्येच मुक्काम ठोकणार?”

“छे. सांगून जायचं. पाच नंबरच्या लिव्हरला रिंग आहे, एवढंच. येणारा म्हणतो, ‘घेतली’. की रिंग त्याची. कधी काढायची ते मग तो बघेल.”

“आणि न सांगताच गेला तर?”

“तुझा आजोबा? न सांगता?” काका हसले. “एकदा तापानं फणफणला होता, बोलताना दात वाजत होते. तरी सगळ्या रिंगा सांगितल्याशिवाय जिना नाही उतरला.”

नात खाली बघत म्हणाली, “हॉस्पिटलात म्हणाले होते मला. शेवटच्या दिवशी सकाळी. इंजिन, दाराला रिंग आहे. मला वाटलं, भ्रमात बोलतायत.”

“तू काय म्हणालीस?”

हेच तिला कुणाला सांगायचं नव्हतं. तेव्हापासून ते पोटात घेऊन ती घरभर फिरत होती.

“मी फोनवर होते, काका. ऑफिसचा फोन. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हो हो, बघते मी, असं म्हटलं आणि परत बोलत बसले. फोन ठेवला तेव्हा…” ती रडायला लागली.

काकांनी तिला रडू दिलं. उरलेलं पाणी सावकाश संपवलं.

“सव्वीस वर्षं मी त्याच्याकडून पाळी घेतली,” ते म्हणाले. “एकदाही त्याच्या तोंडाकडे बघून घेतली नसेल. मी डबा ठेवत, जांभया देत ‘घेतली’ म्हणायचो. तो तेवढं ऐकायचा आणि चपला घालायचा. त्याला तेवढंच पुरायचं. एकदा समोरचा हो म्हणाला, की माणूस घरी जायला मोकळा.”

नात उठली. दाराशी गेली. आत्या निमूट बाजूला झाली.

“घेतली, आजोबा,” ती म्हणाली, आणि रिंग काढली. सहज निघाली. इतकी हलकी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

आत्यानं सुस्कारा टाकला, स्टूल पायानं सरकवलं आणि बोल्टला हात घातला.

“थांब,” नात म्हणाली. “बाबा यायचेत अजून.”

आणि तिनं रिंग परत मुठीवर चढवली.