सातवी ब, क्रमांक सतरा

सोळाशे बूट, पॉलिश केलेले. खरखरणारा माइक. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ. बसच्या महिला कंडक्टरची अर्ध्या दिवसाची रजा, अकराव्यांदा. जमिनीखालच्या टाकीला बसवलेलं लोखंडी झाकण, त्यावर कुंड्या.

आई ड्यूटीच्या गणवेशातच आली होती. पहिल्या रांगेतली खुर्ची तिने पायाने बाजूला सारली. तिची मुलगी याच तारखेला, मधल्या सुटीत, त्या टाकीत पडून गेली. पुढच्या वर्षी तिच्या वर्गशिक्षिकेने प्रथा सुरू केली: प्रार्थनेनंतर मुलीचा हजेरी क्रमांक पुकारायचा आणि अख्ख्या शाळेने एका सुरात 'हजर' म्हणायचं. त्या बाई आता मुख्याध्यापिका होत्या.

हे बंद करा, असे आईने तीन अर्ज दिले. उत्तरादाखल संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. ताई, या प्रथेने शाळा एक झाली, एरवी एकमेकांच्या जिवावर उठणारी पोरं त्या दिवशी हात धरतात, असं ते म्हणाले. स्वर उपकार केल्याचा. अकरा वर्षं हजर आहे ना, मग तिची प्रगतिपुस्तकं पाठवून द्या, असं म्हणून आईने फोन आपटला होता.

पोरांनी हात धरले होते, हे मात्र खरं. पहिलीतल्या एकीने डोळे घट्ट मिटले होते. त्यांच्यातल्या कुणीही त्या मुलीला पाहिलेलं नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी कागद उघडला. "सातवी ब, क्रमांक सतरा."

आठशे तोंडं उघडली. आईने माइक हिसकावला.

"गप्प बसा. तिच्या वतीने कुणी बोलायचं नाही."

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. आईने माइक मुख्याध्यापिकांच्या तोंडासमोर धरला.

"बाई, आता मान वर करा. समोर बघा. आणि पुन्हा पुकारा."

त्यांनी कागद मिटला. मान वर केली. "क्रमांक सतरा," त्या म्हणाल्या.

मैदानात कुणी खोकलंही नाही. आई माइक धरून उभी राहिली, पोरांचे हात एकेक करून सुटेपर्यंत.

अकरा वर्षांपूर्वी, मधल्या सुटीनंतरच्या हजेरीत क्रमांक सतरा पुकारल्यावर मागच्या बाकावरून एका मैत्रिणीने 'हजर' म्हटलं, बाईंनी खाली बघूनच खूण केली, आणि टाकीत माणूस उतरला तो संध्याकाळी.