कोपऱ्यातला शिष्य

"हललास की संपलं," मास्तर म्हणाले. "हात असेच ठेव. डावा जरा वर. हं. आता कितीही फटके बसू देत, जागा सोडायची नाही."

लिफ्टवाल्याने जागा सोडली नाही. समोरच्या मुलीने त्याच्या मनगटावर दाणकन मनगट आपटलं, मग कोपराखाली, मग पुन्हा मनगटावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण गडी हूं की चूं करेना. मुलगी दमली, मागे सरली, मुठीवर पंजा ठेवून त्याच्यासमोर वाकली आणि गेली. लगेच पुढचा आला. तोही आधी वाकला, मग सुरू झाला.

कुंग फूच्या त्या वर्गात सगळ्यांनी असं वाकावं, हा मान दोघांनाच होता. एक मास्तर आणि दुसरा तो.

आता हा मान त्याच्या वाट्याला आला कसा, ते ऐका. माणूस दिवसभर एका कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबायचा. लोक आत यायचे, मजला सांगायचे आणि तिथे कुणी नाहीच असं समजून घरची भांडणं काढायचे. एकदा लेक डबा द्यायला आली. तेवढ्यात साहेब आत शिरले, त्याच्याकडे न बघताच "चौथा" म्हणाले. लेकीने ते पाहिलं. तेव्हापासून मैत्रिणींनी विचारलं की ती बापाचं काम सांगेनाशी झाली. हे त्याच्या अगदी जिव्हारी लागलं. एकदा तरी पोरीने आपल्याकडे मान वर करून बघावं, एवढंच त्याला हवं होतं. चाळिशी उलटलेला माणूस त्याच आठवड्यात वर्गात नाव घालून आला.

सुरुवात अशी, की वैऱ्यावरही येऊ नये. लाथ मारायला जावं तर स्वतःच आडवा. उडी मारावी तर पाय मुरगळलेला. मास्तर कपाळाला हात लावत. "तुझं काही खरं नाही बाबा," असं सगळ्यांदेखत म्हणाले, तेव्हा पोरं तोंड फिरवून हसली. जिना उतरताना तो रडलासुद्धा, खोटं कशाला बोला? उद्यापासून जायचंच नाही असं ठरवून झोपला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा.

त्या दिवशी मास्तर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी त्याचे दंड चाचपले, खांदे दाबून पाहिले. मग त्याला वर्गाच्या एका कोपऱ्यात नेऊन उभं केलं. तिथल्या फरशीला कसलीशी जुनी भोकं होती. पायाची बोटं रोवायला ती बरी पडायची.

तेव्हापासून ग्रहच फिरले म्हणायचे. परीक्षा आल्या, बाकीच्यांचे पट्टे बदलले. त्याने भीतभीत विचारलं, "मास्तर, माझी परीक्षा?"

"तुला कसली रे परीक्षा! तू उभा आहेस म्हणून तर वर्ग चाललाय."

यापरती मोठी पदवी कुठली? तो तरंगतच घरी गेला.

बायको घरी शिवणकाम करायची. मशीन थांबवून ती त्याच्या हातांना तेल चोळायला बसली. दोन्ही हात काळेनिळे झालेले. "अहो, हे हात आहेत की धोपटलेली गादी? लोक मारायला शिकतात, तुम्ही मार खाऊन येता. बरं शिक्षण आहे!"

"तुला नाही कळायचं. मूळ पायाच तो आहे."

"बाबा, म्हणजे तुम्ही मुख्य शिष्य का?" लेकीने विचारलं.

"अजून जाहीर नाही केलं," तो म्हणाला. लेकीने दुसऱ्याच दिवशी साऱ्या मैत्रिणींना ते जाहीर करून टाकलं.

हात मात्र दिवसेंदिवस कामातून जात चालले. बोटं थरथरायची, भलतंच बटण दाबलं जायचं. तिसऱ्या मजल्याचे लोक सातव्यावर उतरून शिव्या द्यायचे. कचेरीतून तंबी आली. असंच चाललं तर नोकरी जाणार हे त्यालाही दिसत होतं, पण आता माघार घेतली तर लेकीला तोंड कसं दाखवणार?

अशात एक दिवस वर्गात एक माणूस टेप घेऊन आला. "याचं माप घे," मास्तर म्हणाले. "अगदी अस्संच हवं मला." त्या माणसाने खांदे मोजले, छाती मोजली, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली. सगळं टिपून घेतलं, पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाला, "रविवारी आणतो."

लिफ्टवाल्याने मनाशी ओळखलं. काळा रेशमी पोशाख! तो मास्तरांशिवाय कुणाच्याच अंगावर नसे.

"जमिनीपासून कोपर?" बायकोने दाताने दोरा तोडला. "इतकी वर्षं शिवतेय, पण असलं माप नाही हो ऐकलं."

"त्यांची शिलाई वेगळी असते."

"असेल बाई." आणि तिने ठेवणीतले कपडे इस्त्रीला काढले.

रविवारी तिघंही गेली. लेकीने दोन मैत्रिणींनाही ओढून आणलं होतं. मास्तरांनी टाळी वाजवली. "आज आपल्या वर्गाचा मोठा दिवस. ज्याच्यावाचून आपलं पान हलत नव्हतं, त्याने आज पुढे यावं." लिफ्टवाला पुढे झाला. लेकीने मैत्रिणीचा हात गच्च धरला. एवढ्यात टेपवाला आत आला. त्याच्यामागे दोन माणसं काळ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी उचलून आणत होती आणि ओझ्याने धापा टाकत होती.

ते त्यांनी कोपऱ्यात नेऊन फरशीवर बसवलं, खाली स्क्रू आवळले आणि कापड ओढलं. आत गुळगुळीत तासलेला लाकडी पुतळा होता. त्याचे दोन हात पुढे काढलेले होते, डावा जरा वर. पोरांनी रांग लावली आणि एकेक जण त्याच्यासमोर वाकू लागला.

मास्तरांनी लिफ्टवाल्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "सरावाचा जुना पुतळा फुटला तेव्हापासून तूच निभावलंस बघ. हा अगदी तुझ्या मापाचा करून घेतलाय. जा आता, सुटलास."