सत्तर सेकंद

"प्यादं एक घर पुढे," मास्तर माईकमध्ये म्हणाले, आणि त्यांची लेक मुकाट्याने एक पाऊल सरकून वकिलांच्या घोड्याच्या तोंडी जाऊन उभी राहिली.

सभागृहाच्या फरशीवर चिकटपट्ट्या लावून चौसष्ट घरं आखली होती. बत्तीस नर्तक सोंगट्या झाले होते आणि दोन टोकांना उंच स्टुलांवर दोघे खेळाडू बसले होते. नियम सोपा होता. मारल्या गेलेल्या सोंगटीने नाचायचं. पुढची चाल पुकारली की ढोल थांबणार आणि नाच संपणार. पण या दोघा म्हाताऱ्यांना नाचाशी काय देणंघेणं? आतापर्यंत अकराजण मेले होते आणि एकालाही धड गिरकी पुरी करता आली नव्हती.

लेक तर या चालीपर्यंत पाऊण तास जागची हललीच नव्हती. "बाबा, मरू द्या हो मला लवकर," ती मघाशी दबक्या आवाजात म्हणाली होती, "पाय लाकडाचे झालेत." मास्तरांनी पटावरून नजर उचलली नव्हती. तिचा नाच त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. "तालीम किती वाजता संपते?" एवढंच ते घरी विचारत, तेही दार कुणी उघडायचं म्हणून.

वकिलांना फुकटचं प्यादं दिसलं. "घोड्याने मारतो," ते म्हणाले आणि त्यांनी घड्याळाची कळ दाबली. घोडा झालेल्या नर्तकाने उडी घेऊन तिच्या खांद्याला हात लावला.

घोडा हलला तशी वकिलांची मागची रांग उघडी पडली. मास्तरांना तेच हवं होतं. आता हत्ती सरळ नेला की मात. सात वर्षं दरसाल या वकिलांकडून हरत आलेल्या माणसाच्या जिभेवर ती चाल येऊन बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात मास्तरांचे सत्तर सेकंद उरले होते. चाल पुकारायला दोन पुष्कळ झाले.

ढोल सुरू झाला. आधी तिने नुसता श्वास सोडला, आणि त्याबरोबर तिचं सगळं अंग जमिनीपर्यंत खाली गेलं. मग ती उठली. पाऊण तासाचं ते उभं राहणं तिच्या पायांतून बाहेर पडू लागलं. ज्यांनी हलायचं नाही त्या सोंगट्यांच्याही माना तिच्यामागे वळत गेल्या. मास्तर तोंड उघडं टाकून बघत होते. हे आपल्या पोरीच्या अंगात होतं? आपल्याच घरात, भिंतीपलीकडे, रोज?

वीस सेकंद उरले तेव्हा त्यांना हत्ती आठवला. ते माईकवर वाकले. ती तेव्हा एका पायावर होती, दुसरा अजून हवेत होता. मास्तरांनी हळूच माईक हाताने झाकला.

"मास्तर, तुमची वेळ चालली आहे," समोरून वकील म्हणाले.

"जाऊ द्या," मास्तर म्हणाले.

वेळ संपल्याचा भोंगा वाजला. मास्तर आठव्यांदा हरले होते. वकिलांनी हात पुढे केला नाही; तेही तिच्याकडेच बघत होते. ढोलवाल्याने टिपरू हवेत धरून मास्तरांकडे पाहिलं.

"पुढची चाल कुणी सांगितली का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग वाजव की."