पुनाची पाटी
उन्हाळ्याच्या सुटीत आठवीच्या मुलांनी शाळेच्या रोपांना पाणी घालायचं, वाळलेली उपटायची, असा सरांचा हुकूम. प्रत्येक रोपाला एकेकाच्या नावाची पत्र्याची पाटी. कुंदाचा कडुनिंब कमरेइतका वाढला होता. शेजारी पुनाचा. पुना पोळ्याला साप चावून गेला आणि मागोमाग त्याचं रोपही वाळलं. पण त्या काडीचं आळं रोज सकाळी ओलं कसं, कुंदाला उमजेना. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, ती लवकर आली, तर पुनाची आई पितरांसाठी भरलेली घागर आळ्यात रिती करत होती. "काकू, हाई ते मरी गयं," कुंदा बोलून गेली. "माले माहीत शे. पन पाटीवर मन्हा पोऱ्यानं नाव शे ना." काकू गेल्या. मग कुंदानं दोघांच्या पाट्यांची अदलाबदल केली नि काडी उपटली. "तुझंच वाळलं?" सरांनी विचारलं. "हो सर. पुनाचं जगलं."