भुऱ्या पळाला

"भाऊ, भुऱ्या परत पळाला," जंगलाच्या गेटवर येऊन बुधरीबाई म्हणाली.

वनरक्षक नबीलने अर्धवट खाल्लेला डबा बंद केला. गाव जंगलातून उठून रस्त्याकडेला आलं त्याला दोन पावसाळे झाले होते, पण म्हातारीचा कुत्रा अजून जुन्या घराकडेच पळायचा. गावकऱ्यांना आता आत जायची परवानगी नव्हती. वाघाच्या जंगलात कुत्रा राहू देताही येत नव्हता, आणि तो तिच्याशिवाय कोणाच्या मागे येत नव्हता. नबीलने मोटरसायकल काढली आणि तिला मागे बसवलं.

गाव होतं तिथे कमरेएवढं गवत माजलं होतं. भुऱ्या नेहमीच्या जागी, जिथे घराचं दार होतं तिथे बसला होता. बुधरीबाईने पदराला बांधलेली भाकर सोडली. अर्धी त्याला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. मग चुलीच्या जागेवरचा पालापाचोळा हाताने सारला आणि तिथेच टेकली.

"बाई, चला आता. अंधार पडून राह्यला."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. भुऱ्या गाडीमागे धावत गेटपर्यंत आला.

"बाई, याले बांधून काऊन नाई ठेवत तुम्ही?" नबील थकून म्हणाला. "मीबी किती वेळा नेऊ?"

बुधरीबाई सावकाश गाडीवरून उतरली.

"बांधूनच राह्यते तो, भाऊ. सकाळी मीच सोडला."